बोटॉक्स, फिलर, ग्लुटा ड्रिप… सुई टोचून घेण्याआधी या शब्दांचा अर्थ समजून घ्या

सातारा/सांगली : पूर्वी लग्नाआधी हळद, फेशियल आणि फार तर ब्लीच एवढ्यावर भागायचं. आता कराड, फलटण, विटा, तासगाव भागातल्या मोबाईलवरही ‘ग्लुटा ड्रिप’, ‘लिप फिलर’, ‘बोटॉक्स ऑफर’ अशा जाहिराती येऊन पडतात. जाहिरातीत आधीचा-नंतरचा फोटो असतो, किंमत असते, पण शब्दाचा अर्थ कुठंच नसतो. फसगत होते ती तिथंच. कारण ही क्रीम-पावडर नव्हे, शरीरात सुईनं सोडायची औषधं आहेत. चेहऱ्याला लावलेलं धुता येतं, टोचलेलं धुता येत नाही.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द म्हणजे बोटॉक्स. हे खरं तर एका कंपनीच्या औषधाचं नाव. वनस्पती तुपाला जसं सगळे डालडा म्हणू लागले, तसं या प्रकारच्या प्रत्येक इंजेक्शनला लोक बोटॉक्स म्हणतात. औषधाचं मूळ नाव बोट्युलिनम टॉक्सिन. टॉक्सिन म्हणजे विष. बंद डब्यातलं अन्न खराब झालं की त्यात वाढणारा एक जिवाणू हे विष तयार करतो, आणि ते अत्यंत जहाल असतं. त्याचाच अगदी सूक्ष्म डोस औषध म्हणून वापरतात. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप ते अडवतं, त्यामुळं तेवढा स्नायू काही महिने ढिला पडतो. कपाळावर आठ्या पाडणारा स्नायूच आकसला नाही, तर आठी दिसत नाही. एवढंच त्याचं काम. बोटॉक्सनं रंग उजळतो किंवा डाग जातात असं कुणी सांगत असेल, तर त्या माणसाला औषधच माहीत नाही असं खुशाल समजावं.

गुण तीन-चार दिवसांनी दिसू लागतो, पूर्ण दिसायला दोन आठवडेही लागतात, आणि साधारण तीन-चार महिन्यांत तो उतरतो. म्हणजे ‘एकदाच करा, कायमचं तरुण दिसा’ ही थाप आहे. हे औषध मुळात सौंदर्यासाठी आलेलंही नाही. अमेरिकेत 1989 साली तिरळेपणा आणि डोळ्यांच्या पापण्या आपोआप मिटण्याच्या आजारासाठी त्याला परवानगी मिळाली, भुवयांमधल्या आठ्यांसाठी 2002 मध्ये. लकवा मारून गेल्यावर आखडलेल्या हातापायांसाठी, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी डॉक्टर आजही ते वापरतात.

आता ‘युनिट’. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरात हा शब्द पाठ असतो. बोटॉक्सचा डोसही युनिटमध्ये मोजतात, पण इन्सुलिनचं युनिट वेगळं आणि हे वेगळं. इतकंच काय, दोन कंपन्यांच्या टॉक्सिनची युनिटंसुद्धा सारखी धरता येत नाहीत. औषध पावडरीच्या स्वरूपात छोट्या बाटलीत येतं. त्या बाटलीला व्हायल म्हणतात, साप चावल्यावर ‘किती व्हायल लागल्या’ असं आपण विचारतो तीच. त्यात सलाईनचं पाणी घालून औषध विरघळवतात. डेअरीला दूध घालणाऱ्याला यातली मेख सांगायला नको. पाणी वाढवलं तर लिटर वाढतं, फॅट वाढत नाही. म्हणून ‘चार सुया’ किंवा ‘एक सिरिंज’ अशा हिशोबावर पैसे देण्याऐवजी कोणत्या कंपनीचं, किती युनिट, हे विचारावं आणि बाटली आपल्यासमोर उघडायला सांगावी. न उघडलेली बाटली साधारणपणे 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते, लसीसारखीच. पर्समधून किंवा ड्रॉवरमधून निघालेल्या बाटलीवर विश्वास कसा ठेवायचा? एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेतल्या आरोग्य यंत्रणेनं नकली किंवा चुकीच्या हातांनी दिलेल्या बोटॉक्सबद्दल इशारा दिला होता. तेव्हा 11 राज्यांत 22 जणींना त्रास झाल्याची नोंद होती. तिथं हे होतं, तर आपल्याकडं सावध राहिलेलं बरं.

फिलर म्हणजे भर. बोटॉक्स स्नायू ढिला करतं, तर फिलर खड्डा भरतं, हा फरक एकदा ध्यानात आला की निम्मा गोंधळ संपतो. गाल बसलेत, ओठ पातळ आहेत, नाकाच्या बाजूनं खोल रेघ पडलीय, अशा ठिकाणी जेल भरतात. बहुतेक फिलर हायलुरोनिक ॲसिडचे असतात. ‘ॲसिड’ ऐकून दचकू नये. हा पदार्थ आपल्या शरीरात असतोच, आणि म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यात जे जेलचं इंजेक्शन देतात तेही याच जातीचं. पण गुडघ्याचं जेल चेहऱ्याला चालत नाही. फिलर मिलिलिटरमध्ये मोजतात, फरक लगेच दिसतो आणि प्रकारानुसार सहा महिने ते दीड वर्ष टिकतो.

धोका मात्र इथं जास्त आहे. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली आणि जेल आत अडकलं, तर पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. उसाच्या पाटात ढेकूळ अडकलं की पुढचे वाफे कोरडे पडतात, तसंच. कातडी पांढरी पडते, मग निळसर-जाळीदार दिसते, ठणका लागतो आणि वेळ गेली तर तो भाग सडतो. डोळ्याकडच्या रक्तवाहिनीत गेलं तर नजर जाऊ शकते. क्वचित घडतं, पण घडतं. यावर उतारा आहे, हायलुरोनिडेज नावाचं इंजेक्शन, जे हे जेल विरघळवतं. म्हणून फिलर करण्याआधी एकच प्रश्न विचारायचा ठरवला तर तो हा असावा : हायलुरोनिडेज इथं आत्ता ठेवलेलं आहे का? समोरच्याला हे नावच माहीत नसेल तर उठून यावं. ‘कायमस्वरूपी फिलर’ म्हणून द्रवरूप सिलिकॉन टोचत असतील तर त्यावर असा उताराही नाही.

गावाकडं सगळ्यात जास्त खपतो तो शब्द ‘ग्लुटा’, कारण त्याचा संबंध गोरेपणाशी आणि गोरेपणाचा संबंध मुलगी दाखवण्याशी जोडला गेलाय. स्थळं रंगावरून नकार देतात आणि घरचे बचत गटातून कर्ज काढून ड्रिपचं पॅकेज घेऊ पाहतात. ग्लुटाथायोन हा पदार्थ शरीर स्वतः बनवतं. शिरेतून तो चढवून कातडी कायमची उजळते याला भक्कम पुरावा नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं रंग उजळण्याच्या एकाही इंजेक्शनला मान्यता दिलेली नाही. फिलिपाईन्सच्या औषध प्रशासनानं 2011 मध्येच लोकांना याविरुद्ध इशारा दिला होता. मूत्रपिंड, थायरॉईडवर परिणाम आणि अंगभर कातडी सोलवटण्यासारखी गंभीर रिॲक्शन, असे धोके त्यात सांगितले होते. ‘सलाईनच तर आहे’ असं म्हणून ही सुई हलक्यात घेणं सगळ्यात महागात पडू शकतं.

पीआरपीमध्ये बाहेरचं औषध नसतं. आपलंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवतात आणि प्लेटलेट जास्त असलेला भाग डोक्यात किंवा चेहऱ्यात टोचतात. डेंग्यूत ज्या कमी होतात त्याच प्लेटलेट. केसगळतीत काहींना उपयोग होतो, सगळ्यांना नाही. इथं प्रश्न स्वच्छतेचा. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत एका विनापरवाना स्पामध्ये असं फेशियल केलेल्या महिलांना एचआयव्हीची लागण झाल्याचं तिथल्या तपासात पुढं आलं. सुई आणि नळी नवी, सीलबंद, आपल्यासमोर फोडलेली हवी. मेसो किंवा स्किन बूस्टर म्हणजे कातडीच्या वरच्या थरात बारीक बारीक टोचणं. आत काय भरलंय ते नावावरून कळत नाही, लेबल मागावंच लागतं.

मग हे करायचं कुणाकडं? त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन. पार्लरच्या भिंतीवर लावलेलं दोन दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट म्हणजे डॉक्टरकी नव्हे. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणं हा महाराष्ट्र वैद्यक व्यावसायी अधिनियम, 1961 नुसार गुन्हा आहे. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाईटवर तपासता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनं, तसंच स्नायू कमकुवत होण्याचा मायस्थेनियासारखा आजार असलेल्यानं आधी डॉक्टरांना तसं सांगायचंच. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर तीही सांगावी, पण स्वतःच्या मनानं बंद करू नये.

सुईच्या जागी थोडी सूज, काळंनिळं होणं हे दोन-चार दिवसांचं असतं. पण फिलरनंतर कातडी पांढरी पडली, असह्य ठणका लागला, अंधारी आली किंवा कमी दिसू लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही. ज्यांनी टोचलं त्यांना फोन लावतच मोठं हॉस्पिटल गाठावं. बोटॉक्सनंतर गिळायला, बोलायला किंवा श्वासाला त्रास वाटला तर सरळ 108. हा त्रास काही दिवसांनीही सुरू होऊ शकतो. सातारकरांना जिल्हा रुग्णालय किंवा कराड, सांगलीकरांना सांगली-मिरजेची हॉस्पिटलं जवळ आहेत. जाताना औषधाची बाटली, खोका किंवा निदान त्याचा फोटो बरोबर न्यावा, डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

बिल आणि बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर मागून घेऊन जपून ठेवावं. औषधाचा दुष्परिणाम झाला तर 1800 180 3024 या केंद्र सरकारच्या टोल-फ्री क्रमांकावर रुग्णालाही नोंद करता येते. बोगस डॉक्टरबद्दलची तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं, तर नकली औषधाबद्दलची जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात लेखी द्यावी आणि पोहोच घ्यावी.