यकृतशोथ, चिरकारी सी-प्रकारचा : चिकित्सेचा कालावधी

सी-प्रकारच्या यकृतशोथाच्या व्हायरसाचे संक्रामण सहा महिन्यांहून अधिक काळ टिकल्यास त्यास चिरकारी (दीर्घकालीन) संक्रामण म्हणतात. हा व्हायरस १९८९ मध्ये ओळखण्यात आला. संक्रामणामुळे पुष्कळदा कोणतीही लक्षणे न दिसता अनेक वर्षे यकृतास इजा होत राहते व काही रुग्णांत अखेरीस यकृत सूत्रण रोग किंवा यकृताचा कर्करोग उद्भवतो. [⟶ यकृतशोथ].

तत्त्व : औषधाने व्हायरसाचे रक्तातील प्रमाण प्रथम झपाट्याने घटते, तथापि तो रक्तात आढळेनासा झाला, तरी यकृतात शिल्लक असू शकतो. औषध लवकर थांबविल्यास रोग उलटतो. विनाकारण लांबविल्यास दुष्परिणाम व खर्च वाढतात. म्हणून औषध थांबविल्यानंतर १२ आठवड्यांनी (पूर्वी २४) रक्तात व्हायरसाचे आरएनए न आढळल्यासच रुग्ण बरा झाला असे मानतात. बी-प्रकारच्या व्हायरसाप्रमाणे याचे आनुवंशिक द्रव्य कोशिकेच्या केंद्रकात ठाण मांडून राहत नाही. त्यामुळे समूळ उच्चाटन शक्य होते.

इंटरफेरॉन चिकित्सा : प्रारंभी केवळ इंटरफेरॉनाची अंतःक्षेपणे २४ आठवडे देत, त्यांनी फारच थोडे रुग्ण बरे होत. १९९८ च्या सुमारास रिबाव्हिरिनाची जोड मिळाली. पुढे असे दिसून आले की, जनुकप्रकार १ च्या रुग्णांस ४८ आठवडे लागतात, तर २ व ३ यांना सामान्यतः २४ पुरतात. बाराव्या आठवड्यापर्यंत व्हायरसाचे प्रमाण निदान शंभरपट न घटल्यास यशाची आशा अत्यल्प असे. अशा वेळी चिकित्सा थांबवीत. ताप, थकवा, विषण्णता, रक्तक्षय इ. त्रास सोसणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा होता.

आधुनिक औषधे : व्हायरसाच्या प्रथिनांवर थेट कार्य करणाऱ्या सोफोसबुव्हिरासारख्या पोटात घ्यावयाच्या औषधांमुळे २०१३ नंतर हा कालावधी बहुधा ८ किंवा १२ आठवड्यांवर आला व सु. ९५ टक्के वा अधिक रुग्ण बरे होऊ लागले. यकृताचे कार्य ढासळलेल्या रुग्णांस रिबाव्हिरिनासह १२, अथवा त्याविना २४ आठवडे चिकित्सा देतात. भारतात जनुकप्रकार ३ विशेष आढळतो. येथे २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमान्वये ही औषधे विनामूल्य देण्यात येऊ लागली.

बरे झाल्यावरही पुन्हा संक्रामण होऊ शकते. तसेच यकृत सूत्रण रोग झालेल्यांनी कर्करोगासाठी नियमित तपासणी चालू ठेवणे आवश्यक असते.