आगीतला माणूस संगणकाला कळतो का?

मंडळी, कमला मिलची आग आपल्याला आठवते. २९ डिसेंबर २०१७, मध्यरात्र उलटलेली. १४ माणसं गेली. बरीचशी स्वच्छतागृहात, धुरानं गुदमरून. तिथं आपण वाचू, असं त्यांना वाटलं असेल.

सॉफ्टवेअर इमारतीच्या नकाशावर माणसांचे ठिपके सोडतं. हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी २००० साली अशाच प्रतिमानातून दाखवलं, की दाराशी रेटारेटी वाढली की सुटका मंदावते. पण नुसत्या ठिपक्याला आई नसते. आपण आधी घरच्यांना शोधतो, आलो त्याच दाराकडे वळतो. हे वागणं हिशेबात धरलं, तरच बाहेर पडायला लागणारा वेळ खरा निघतो.

तर आज तारोडीतून घरी परतल्यावर आपण जिन्यानं चढू या. वाटेत सायकली, कुंड्या किती, तेवढं मोजू.