आधी आपल्या घरची खबर

गेल्या पावसाळ्यात पहाटेच अमळनेरहून आजीचा फोन आला. "घरमा पानी उनं का रे?" मी गॅलरीत जाऊन पाहिलं. पर्वत पाटियाचा रस्ता नुसता ओला होता.

झालं असं, रात्री घरच्या ग्रुपवर सुरतच्या पुराचा एक व्हिडिओ आला होता. बाबांनी तो लगेच ओळखला. ऑगस्ट २००६ चा! तेव्हा उकाई धरणातून सोडलेलं पाणी तापीतून शहरात शिरलं होतं. आणि तो ग्रुपवर टाकणारा? मीच. झोपेत, पूर्ण न पाहता. आजी मात्र रात्रभर जागी.

२०१८ पासून भारतात व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येतो. खूप फिरलेल्या मेसेजवर दुहेरी बाण दिसतो. पण आजीला घाबरवायला एकच ग्रुप पुरला!

आता आमचे तीन नियम आहेत. दुहेरी बाण दिसला की आधी तपासायचं. रुग्णवाहिकेचा १०८ आणि सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हे नंबर वर पिन करून ठेवायचे. आणि पाऊस जोरात असला की आपल्या गॅलरीतून आपणच फोटो काढून टाकायचा.

परवा मी तसाच फोटो टाकला. आजीचा आवाजी मेसेज आला, "पानी राहू दे, तो दोरीवरचा टॉवेल आधी काढ!"

त्या रात्री ती निवांत झोपली.