विश्लेषण : गोष्टीत लपवलेले रंगते, नात्यात का सलते?

एकच माहिती, पण ती कोणाला कधी कळते यावर गोष्टीचा परिणाम ठरतो. नात्यांचेही तसेच असते. मात्र दोन्हीकडे नियम सारखे नाहीत.

धक्का आणि उत्कंठा यांत फरक काय?

दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६२ मध्ये फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या मुलाखतीत हा फरक उलगडला. दोघे जण टेबलाशी गप्पा मारत आहेत आणि अचानक टेबलाखालचा बॉम्ब फुटतो. प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का बसतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच सांगितले, तर त्याच रटाळ गप्पा तो जीव मुठीत धरून ऐकतो. म्हणजे उत्कंठा माहिती दडवल्याने नव्हे, तर प्रेक्षकाला दिल्याने आणि पात्रांना न दिल्याने वाढते.

महाभारतात हे कसे दिसते?

कर्ण हा कुंतीचा थोरला मुलगा, हे वाचकाला सुरुवातीपासून माहीत असते. पांडवांना नसते. युद्धाआधी कृष्ण कर्णाला भेटतो. तेव्हा कर्णच त्याला विनवतो, की हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस. कळले तर तो राज्य स्वीकारणार नाही. पुढे कुंतीही कर्णाला भेटते. अर्जुन वगळता इतर चार भावांना मारणार नाही, असे वचन तो देतो. त्यामुळे रणांगणावरच्या प्रत्येक प्रसंगाचा अर्थ वाचकासाठी वेगळा होतो.

कर्ण मारला जातो. युद्धानंतर मृतांना जलांजली देताना कुंती सत्य सांगते. जिंकलेला युधिष्ठिर कोसळतो आणि यापुढे स्त्रियांच्या मनात गुपित राहणार नाही, असा शाप देतो. त्याच्या संतापाचे मूळ स्पष्ट आहे. माहिती दडवली गेली, तेव्हा त्याची निवडही हिरावली गेली.

घरात नेमके काय बिघडते?

आजाराचे निदान रुग्णापासून लपवणे, नोकरी गेल्याचे घरी न सांगणे, मुलीचे लग्न ठरल्याचे सख्ख्या आत्याला बाहेरून कळणे, हे प्रसंग ओळखीचे आहेत. ‘मला का नाही सांगितलं?’ या प्रश्नात बातमीपेक्षा आपले स्थान काय, ही शंका मोठी असते.

संवादाच्या अभ्यासक सँड्रा पेट्रोनियो यांच्या मांडणीनुसार, खासगी गोष्ट सांगताच ऐकणाराही तिचा सहमालक होतो. ती पुढे कोणाला सांगायची, हे न ठरल्यास भांडण होते. म्हणून ‘हे आपल्यातच ठेव’ हे वाक्य आधी म्हणावे लागते.

गुपित बाळगणाऱ्याला काय त्रास होतो?

मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, लोकांसमोर गुपित लपवावे लागण्यापेक्षा एकटे असताना मन पुन्हा पुन्हा त्याकडे वळणे अधिक क्लेशदायक ठरते.

मग सांगावे की न सांगावे?

सगळेच सांगणे म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. जुनी डायरी किंवा मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेली अडचण आपल्यापाशी ठेवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. कसोटी एवढीच, की ही माहिती नसल्यामुळे समोरचा माणूस स्वतःच्या आयुष्याचा निर्णय चुकीच्या समजुतीवर घेणार आहे का? तसे असेल, तर ती त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचायला हवी. गोष्टीत उशिरा कळलेले सत्य शेवट रंगवते. घरात ते कळेपर्यंत निर्णय होऊन गेलेला असतो.