दारातली बाडी

सभासद बंधूंनो, ऊस आपण पार उंबऱ्यापर्यंत लावतो, अन् मेथीची जुडी मात्र बाजारातून आणतो! १९८२ पर्यंत एकच जिल्हा असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत घराजवळची बाडी पाहावी. बांबूचे कुंपण, मांडवावर वाल-दोडका, खाली अंबाडी, मिरची, वांगी. शोभाही तीच, कोरड्यासही तेच.

आपल्या अंगणात पुढे मेथी-कोथिंबिरीचे वाफे, मधे लाल देठाची अंबाडी आणि उत्तरेला शेवगा व मांडव ठेवावा. म्हणजे वाफ्यांवर सावली पडत नाही. भांडी विसळलेले पाणी वाया घालवू नये.

एक मात्र सांभाळा. उसाला टू-फोर-डी मारलेला पंप इथे आणू नका. राहिलेल्या अंशानेसुद्धा वाल, टोमॅटोची पाने वेडीवाकडी होतात. पोरांच्या ताटात रोज हिरवी भाजी पडली, तर तोही उताराच समजा.