कुटुंबनियोजन आणि पुरुषांची जबाबदारी

कुटुंबनियोजनाचा भार आपल्या देशात मुख्यतः स्त्रियाच वाहतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्के आढळले.

वास्तविक इस्लामी परंपरेत या विषयाची चर्चा पुरुषापासूनच सुरू होते. ‘अझ्ल’ ही पुरुषाने पाळावयाची पद्धत. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी ती वैध मानली. अनेक फकिहांनी त्यासाठी पत्नीची संमती आवश्यक ठरविली. कायमच्या नसबंदीला मात्र बहुतेक उलेमांचा विरोध आहे.

अझ्ल पुरेसा भरवशाचा नाही. वर्षभरात १०० पैकी सुमारे २० स्त्रियांना गर्भ राहतो. निरोधच्या सर्वसाधारण वापरात हे प्रमाण १३, तर प्रत्येक वेळी अचूक वापरल्यास २ आहे. हा फरक साधनाचा नसून पुरुषाच्या दक्षतेचा आहे. म्हणूनच हा विषय केवळ मुलींना शिकविणे अपुरे ठरते.