ट्रकची प्रतिकृती : आधी प्रमाण, मग चाके

बेंगळुरू : ट्रकची हुबेहूब प्रतिकृती अर्धवट राहते, ती बहुधा हातातील कौशल्याअभावी नव्हे, तर प्रमाण आधी न ठरविल्याने. परदेशी ट्रकांचे तयार संच प्रामुख्याने १:२४ प्रमाणात, तर रेडिओ नियंत्रित संच १:१४ प्रमाणात मिळतात. भारतीय नियमांनुसार मालमोटारीची कमाल रुंदी २.६ मीटर, पहिल्या प्रमाणात ती सुमारे ११, तर दुसऱ्यात साडेअठरा सेंटीमीटर भरते. टायर सहसा विकतच आणावे लागतात. सुमारे १.०५ मीटर व्यासाचा टायर १:२४ प्रमाणात ४.४ सेंटीमीटरचा हवा. तो मिळत नसेल, तर प्रमाणच बदलणे शहाणपणाचे.

खरी अडचण देशी ट्रकची. येथे अनेक ट्रक केवळ चासीच्या रूपात विकले जातात. केबिन आणि हौदा स्थानिक कारागीर लाकूड-पत्र्यातून बांधतात. साहजिकच त्या भागाचा कारखानी आराखडा नसतो. त्यामुळे यशवंतपूर बाजार आवारासारख्या ठिकाणी उभ्या ट्रकची, चालकाच्या संमतीने, मापे घ्यावीत. पुढच्या-मागच्या आसांमधील अंतर सर्वांत आधी मोजावे. छायाचित्रे काढताना ट्रकला टेकवून मोजपट्टी ठेवावी, म्हणजे राहिलेली मापे घरी काढता येतात.